मी डावीकडे ओढत होतो

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर आहे. टीव्हीवरचा खेळ खेळताना दोन्ही हातांत धरतात, तो. अंगठ्यांखाली दोन स्टिक, म्हणजे दिशा देणाऱ्या बुटक्या दांड्या, थोडी बटणं, आणि पोटात एक छोटी मोटर. ती फिरली की मी थरथरतो. माझा जन्म कारखान्यात झाला, खोक्यात बसून मी दुकानात आलो, वगैरे वगैरे. हा भाग सगळेच सांगतात. खेळात असा भाग आला की बटण दाबून पुढे जाता येतं. मी दाबतो.

पुढे.

सहा वर्षं मी एका मुलीचा होतो. ती जिंकली की माझा मुका घ्यायची, हरली की मला गादीवर आपटायची. तिचं पांढरं मांजर माझ्यावर झोपायचं. मग ती शिकायला दुसऱ्या गावी निघाली आणि जाताना मला आजोबांच्या हवाली करून गेली.

आजोबा घड्याळजी. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची घड्याळं दुरुस्त केली. केसासारखी बारीक स्प्रिंग चिमट्याने उचलणारा माणूस, पण हात कापू लागले आणि दुकान बंद झालं. कामाचं टेबल घरी आलं. आजी त्यावर घड्या केलेले कपडे ठेवू लागली. घड्याळजी हात खिशात ठेवू लागले. घरी कोणी आलं तर त्यांचा चहा पाहुणा जाईपर्यंत निवत राहायचा.

"आबा, यात घाई नाही," निघण्याआधी नात म्हणाली. "राक्षस समोर आला तरी तुम्ही ठरवेपर्यंत थांबतो."

"शहाणा आहे मग. माझी गिऱ्हाइकं थांबायची नाहीत."

तिने अक्षरं मोठी केली. बटण पटापट दाबायच्या ऐवजी नुसतं धरून ठेवलं तरी चालेल, असं करून दिलं.

"आणि हा मधूनमधून थरथरतो. बंद करू?"

"राहू दे. त्याची कुठली आणि माझी कुठली, कुणाला कळायचं नाही."

मित्रांनो, मला तोवर असं कोणी काही म्हटलं नव्हतं.

त्या खेळात एक ढालवाली होती आणि तिच्यामागे सामान वाहणारं एक कुरकुरं गाढव. ढालवाली घड्याळजींची, गाढव आजीचं. आजी शेजारी बसून भाजी निवडत सूचना द्यायची. "अहो, त्याला आधी पाणी पाजा. राक्षस कुठे पळून जातोय?" घड्याळजी पाजायचे. महिन्याभरात त्यांनी तीन किल्ले घेतले. शेजारचे शिंपीदादा खेळ बघायला येऊन बसले, तेव्हा घड्याळजींनी त्यांच्यादेखत चहा घेतला. थोडा बशीत सांडला.

मग तो पूल आला. खोल दरीवर, कठड्याशिवाय.

ढालवाली पुलावर चढली. दहा पावलं गेली. डावीकडे सरकली. पडली.

पुन्हा.

ढालवाली पुलावर चढली. घड्याळजींनी श्वास रोखला. बारा पावलं. डावीकडे. पडली. गाढव पुलावर उभं राहून खाली बघत राहिलं.

पुन्हा.

पुलावर. नऊ पावलं.

"अहो, तुम्ही पडा हवं तर, त्या बिचाऱ्याला का एकटं टाकता?" आजी हसत म्हणाली. घड्याळजी हसले नाहीत. त्यांनी नियमाप्रमाणे आधी खेळ थांबवला. चालू काम सोडून हत्यार खाली ठेवायचं नाही, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. मग आपल्या हाताकडे पाहिलं.

"आला हा कंप इथेही," ते म्हणाले आणि मला खणात ठेवलं.

आता कबुली देतो. हात त्यांचा नव्हता चुकत. माझ्या डाव्या स्टिकच्या बुडाशी कचरा अडकला होता. मी स्वतःच गुंजभर डावीकडे ओढत होतो. रुंद रस्त्यावर ते कळत नाही. पुलावर कळतं. गुन्हा माझा, शिक्षा त्यांना. आणि मला बोलता येत नाही. थरथरणं तेवढं येतं, तेही खेळाने सांगितलं तरच.

खणात पंधरा दिवस. बाहेर शिंपीदादांचा आवाज यायचा. "चहा घ्या की." "नको, आत्ताच झाला."

सोळाव्या दिवशी दुपारी आजीने मला बाहेर काढलं. "त्या गाढवाला बघून येते जरा," म्हणाली. खेळ लावला, आणि तेवढ्यात दूध उतू जायला लागलं. तिने मला तसंच कपड्यांच्या टेबलावर टाकलं आणि धावली. खेळ थांबवायचा असतो, हे तिला कुठे ठाऊक?

"अगं, सोड तो कंट्रोलर. पडेल ती," घड्याळजी खुर्चीतून म्हणाले.

"कुठला कंट्रोलर? मी गॅसपाशी आहे."

घड्याळजी उठले. पडद्यावर ढालवाली एकटीच, डावीकडे डावीकडे चालत गेली आणि पडली. पुन्हा पुलाच्या तोंडाशी उभी राहिली. पुन्हा डावीकडे.

"इकडे ये. माझे हात कुठे आहेत?"

"खिशात. नेहमीसारखे."

"मग हिला कोण पाडतंय?"

आजी बघत राहिली. "अहो, थांबवा ते. पडतेय बिचारी."

"पडू दे गं. अजून एकदा बघू दे मला."

पाच वेळा पडू दिली. मग म्हणाले, "टेबल मोकळं कर."

कपडे पलंगावर गेले. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं, स्क्रू ड्रायव्हर घेतला. तो सटकला आणि माझ्या पाठीवर लांब ओरखडा उठला. मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हर आजीपुढे धरला.

"चाळीस वर्षं या टेबलाला बोट लावू दिलं नाहीत," ती म्हणाली.

"आता लाव. मनगट टेकव. श्वास सोडताना फिरव."

एकेक स्क्रू निघाला. "इथे काहीतरी पांढरं आहे."

"केस असेल. चिमट्याने धर. ओढू नकोस, उचल. आता कापसावर स्पिरिट. थोडं. थोडं म्हटलं ना!"

"ओरडू नका. माझा हात हलेल."

घड्याळजी हसायला लागले. इतके हसले की भिंग खाली पडलं.

मांजराचा एक केस आणि चिमूटभर धूळ. एवढंच होतं.

संध्याकाळी ढालवाली पूल ओलांडून गेली. सरळ नाही. मी थरथरत होतो, ते थरथरत होते, ती वाकडीतिकडी चालली. पण पोचली. मागून गाढव कुरकुरत आलं.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना पुसा, जपा, आमच्यावर मांजर झोपवू नका, हे तर आहेच. पण माझं मागणं वेगळं आहे. कुणाच्या हातून काही चुकलं, तर आधी त्या हाताकडे बघू नका. वस्तू खाली ठेवा, हात बाजूला घ्या, आणि ती आपली आपण कुठे जाते ते बघा.

सुटीत नात आली. मला उलटं करून म्हणाली, "हा ओरखडा कुणी पाडला?"

"मी," घड्याळजी म्हणाले. आणि हात पुढे करून दाखवला.