ग्लॅडिसबाईंचे घारगे

आखातातल्या अल मनखूलच्या एका गल्लीत ग्लॅडिसबाईंनी त्यांच्या चिली देशातल्या घरगुती खाण्याचा काउंटर टाकला आणि तळणीवर गुहागरचा सुदाम घाडी ठेवला. पदार्थाचं नाव सोपायपिया. सुदामने पाहिलं, तर सरळसरळ भोपळ्याचे घारगे! आईच्या हाताखाली शिकलेलं काम, आता त्यात त्याला कोण शिकवणार?

पण बाई मोडक्या हिंदीत सारख्या सूचना करायच्या आणि शेवटी विचारायच्या, "कच्चाय?"

सुदामच्या तळपायाची आग मस्तकात जायची. घारगा चांगला टम्म फुगलाय, आणि ही म्हणते कच्चाय! तो तणतणत घारगा पुन्हा तेलात सोडायचा. बाई पुन्हा "कच्चाय?", घारगा पुन्हा तेलात. दुपारपर्यंत ताटात नुसते कोळसे.

बाईंनी कपाळाला हात लावला. मग डोक्यावर बोट ठोकत म्हणाल्या, "हमारी बोली में कच्चाय मतलब, समझा क्या?"

सुदाम ओशाळला. त्याने कानाला खडा लावला. यापुढे कच्चाय ऐकलं, की "समजलं" म्हणायचं आणि घारगा लगेच बाहेर काढायचा.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या सूचना घारगा तेलात पडताक्षणीच सुरू झाल्या, पाठोपाठ "कच्चाय?" आलं आणि घारगा लगेच बाहेर. तेवढ्यात रत्नागिरीच्या झुबेदाआपा काउंटरशी आल्या. पहिल्याच घासाला तोंड वाकडं करून ओरडल्या, "अरे, हा कच्चाय!"

"समजलं, समजलं!" सुदाम पाठमोराच म्हणाला.

ग्लॅडिसबाईंना मात्र भरून आलं. परमुलखात आपली बोली बोलणारं गिऱ्हाईक! त्यांनी आपांना मिठी मारली आणि त्याच घाण्यातले आणखी दोन घारगे प्रेमाने वाढले.