दादांच्या अभिप्रायांविषयी खुलासा

आमच्या घरी दर शनिवारी संध्याकाळी एक चित्रपट पाहिला जातो आणि तो संपल्यावर प्रत्येकाने त्यावर अभिप्राय द्यावा, असा नियम मी चार वर्षांपूर्वी घालून दिला. हा अधिकार मला कोणी दिला, असे माझी पत्नी अधूनमधून विचारते. त्यावर माझे उत्तर असे की, मी पुस्तकबांधणीचा व्यवसाय करतो, हजारो ग्रंथ माझ्या हाताखालून गेलेले आहेत, आणि शाळा जरी सातवीत सुटली तरी छापील कागद जुळवताना वरचे पान वाचल्यावाचून मी कधीही राहिलेलो नाही.

"वरचंच पान," असे पत्नी म्हणते. विद्वत्तेला घरातून मिळणारा मान सर्वत्र सारखाच असावा.

अभिप्राय लिहिण्यासाठी मी स्वतः एक वही बांधली. तिला कापडी पाठ आहे. घरातील मंडळी बोलतील ते मी शुद्ध भाषेत उतरवून घेतो आणि पुढच्या शनिवारी, चित्रपट सुरू होण्याआधी, मोठ्याने वाचून दाखवतो. मंडळींच्या अभिप्रायांची पातळी काय वर्णावी! माझ्या पत्नीला चारही वर्षे एकच प्रश्न पडलेला आहे: नायक आठ दिवस जंगलात भटकत होता, तर त्याचा सदरा इस्त्रीचा कसा? वहिनींचा अभिप्राय दर आठवड्याला, चित्रपट कोणताही असो, "तिला अक्कल नाही," एवढाच असतो. ती म्हणजे नायिका.

माझे स्वतःचे अभिप्राय मात्र दीड-दोन पाने होतात. एका चित्रपटात श्रीमंत काकाच्या दिवाणखान्यात छतापर्यंत ग्रंथ होते. ते ग्रंथ नसून पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या नुसत्या पाठी आहेत, हे मी पहिल्या दहा मिनिटांत ओळखले आणि ज्याची पुस्तके खोटी त्याचे मृत्युपत्रही खोटेच असणार, असे जाहीर केले. शेवटी तसेच निघाले. यावर माझे कौतुक होण्याऐवजी शेवट आधी सांगितल्याबद्दल घरातील दोन्ही स्त्रिया माझ्याशी जेवण होईपर्यंत बोलल्या नाहीत.

या अरसिकांच्या मेळ्यात मला एकच सोबती होता, आणि तो म्हणजे माझे थोरले बंधू. दादा लोखंडी तुळयांच्या यार्डात क्रेन चालवतात. बोलणे कमी. पण त्यांचे अभिप्राय! "ती पडदा दोनदा ओढते. पहिल्यांदा उगाच." किंवा "म्हातारा बोलताना तिच्याकडे बघत नाही, तिच्या चपलांकडे बघतो." मी थक्क होऊन त्यांच्या नावापुढे लिहीत असे: "संवादांच्या कोलाहलात न अडकता केवळ मुद्रा आणि हालचाल यांचा वेध घेणारी ही दृष्टी दुर्मीळ होय." असे मी जवळपास दोन वर्षे लिहिले आणि भर खोलीत वाचूनही दाखवले.

खुलासा असा, की दादांना ऐकू येत नव्हते.

हे मला वहिनींनी सांगितले. एका शुक्रवारी दुपारी त्या माझ्या कामाच्या खोलीत आल्या. मी खळ ढवळत होतो. त्यांनी दार लोटून घेतले.

"भाऊजी, उद्या सिनेमाला हूकवाला येतोय."

हूकवाला म्हणजे यार्डात दादांच्या क्रेनखाली उभा राहून तुळयांना हूक अडकवणारा इसम. गेली अकरा वर्षे दादा वर आणि तो खाली.

"येऊ द्या की. त्याचाही अभिप्राय घेऊ."

"अभिप्राय घाला चुलीत. तो पाहुणा, तो मधल्या खुर्चीत बसणार. मग माझा हात यांच्यापर्यंत पोचणार नाही."

मला अर्थबोध होईना. तेव्हा त्यांनी सर्व उलगडून सांगितले. दादांचा डावा कान दोन वर्षांपूर्वीच गेला होता आणि उजवाही आता गेल्यातच जमा होता. चित्रपट चालू असताना वहिनी शेजारी बसून त्यांना कोपराने खुणावीत. एकदा कोपर लागले की हसायचे, दोनदा लागले की हळहळायचे. आणि मी वही वाचत असताना मान हलवायची, त्याला खूण लागत नसे.

"म्हणजे ते दुर्मीळ दृष्टी वगैरे..."

"बहिऱ्या माणसानं आणखी काय बघायचं, भाऊजी?"

दोन वर्षांच्या रसग्रहणाचा असा निकाल एका वाक्यात लागला. पण माझे दुःख गौण होते. यार्डात भार समोर दिसत असेल तर हाताच्या खुणा चालतात. थप्पीच्या मागे असेल तर खालचा माणूस शिट्टी मारतो. छोटी शिट्टी म्हणजे उचल, लांब शिट्टी म्हणजे थांब. लांब शिट्टी ज्याला ऐकू येत नाही त्याच्या हातात चार टन लोखंड लोंबकळत होते आणि त्याच्या खाली हूकवाला उभा होता.

"हे सांगायला नको का, वहिनी?"

"सांगा. आणि उद्यापासून क्रेन चालवायला तुम्ही जा." मग त्यांचा आवाज उतरला. "दीड वर्ष राहिलंय निवृत्तीला. खाली उतरवलं तर साखळ्या मोजायला बसवतील त्यांना कोठारात. बावीस वर्षं वर बसलेला माणूस. पुढच्या महिन्यात तपासणी आहे, ती एकदा पार पडू दे."

तपासणीची तयारीही करून झाली होती. यार्डाचे डॉक्टर दरवर्षी तेच पाच प्रश्न त्याच क्रमाने विचारतात, म्हणून दादांनी पाच उत्तरे त्याच क्रमाने पाठ केली होती. त्या संध्याकाळी दादा घरी आल्यावर वहिनींनी मला डॉक्टर केले. बांधणीचा धंदा केल्यामुळे क्रम चुकला तर काय होते हे मी जाणतो. म्हणून तोंडापुढे वही धरली आणि मुद्दाम दुसरा प्रश्न आधी विचारला.

"झोप लागते का?"

"छप्पन्न पूर्ण," दादा ठामपणे म्हणाले.

"चक्कर वगैरे येते?"

"उत्तम. पडलो की लागते."

वहिनींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू दादांचा कान मीच नेला होता. "डॉक्टर तुमच्यासारखे आगाऊ नसतात," त्या म्हणाल्या. सारांश, मी कटात सामील झालो आणि शनिवारच्या कोपराचे काम माझ्याकडे आले. सांगायचे हेच की, मला दादांची दया आली, आणि दयेपेक्षाही खरे कारण म्हणजे घरात वहिनींना विरोध करण्याची रीत नाही.

शनिवारी हूकवाला आला. किरकोळ बांध्याचा, मोठ्याने बोलणारा, खाऱ्या दाण्यांची पुडी घेऊन आलेला. ठरल्याप्रमाणे तो मधल्या खुर्चीत बसला, त्याच्या उजवीकडे दादा आणि दादांच्या पलीकडे, माझ्या नेहमीच्या जागी, मी, कोपरासह. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसून माझ्या कोपरावर नजर ठेवून होत्या.

चित्रपटाआधी चहा झाला. हूकवाला माझ्या पत्नीला यार्डातल्या गमती सांगू लागला.

"अहो वहिनी, गेल्या महिन्यात तर मी गेलोच होतो! थप्पीमागं उभा, तुळई येतेय खाली, मी मारली शिट्टी लांब. तुळई आपली येतेय. पुन्हा मारली. येतेय! शेवटी उडी मारली तर इथं," त्याने आपल्या बुटापासून वीतभर अंतर दाखवले, "इथं टेकली. मीच मेला उशिरा फुंकली असणार. दादाची चूक व्हायचीच नाही. तेव्हापासून शिट्टीच बदलली मी!"

आणि तो खदाखदा हसला. तो हसला म्हणून मी, नियमानुसार, दादांना एकदा कोपर मारले. दादाही हसले.

ते हसणे पाहून मी चहा अर्धा टाकून यंत्र सुरू करायला उठलो, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो.

चित्रपट सुरू झाला. त्याची योग्यता थोडक्यात सांगायची तर, त्यात तीन भाऊ होते, तिघे लहानपणी हरवले होते, आणि तिघांना शोधण्यासाठी आईने पुढील वीस वर्षे एकाच स्थानकाच्या एकाच बाकावर बसण्यापलीकडे कोणताही प्रयत्न केलेला नव्हता. माझ्या पत्नीने सदऱ्याचा प्रश्न उपस्थित केला. वहिनी दारातून "तिला अक्कल नाही," म्हणाल्या. मी पहिला तासभर माझे कर्तव्य चोख बजावले. विनोदी नोकर पायरीवरून घसरला, एक कोपर. पत्र जळाले, दोन कोपर. दादा यथायोग्य हसत व हळहळत होते आणि हूकवाला प्रसन्न होता.

मग आईचा मृत्युप्रसंग आला. येथे मला चित्रपटाचा दोष सांगणे भाग आहे. आईने पलंगावर पडल्या पडल्या साडेसहा मिनिटे भाषण केले. घड्याळ मी पाहत होतो. दम लागलेली ती बाई एकाही वाक्यात अडखळली नाही. मग तिने मान टाकली, सर्वांनी टाहो फोडला, आणि पडद्यावर स्पष्ट दिसले की मेलेल्या आईने सावकाश आवंढा गिळला.

मला हसू फुटले. ते दाबताना माझे अंग हलले आणि माझे कोपर दादांच्या बरगडीत गेले. एकदा.

दादा मोठ्याने हसले. इतर वेळी ते माफक हसतात. पण आज पाहुणा होता, म्हणून त्यांनी हात राखला नाही. खोलीत दुसरे कोणीही हसत नव्हते. हूकवाल्याच्या गालांवरून पाणी वाहत होते आणि त्याच्या तळहातावर सोललेले दाणे तसेच होते.

"काय झालं रे हसायला?" त्याने विचारले.

दादांनी त्याच्याकडे पाहिले नाही. ते माझ्या कोपराची वाट पाहत होते. माझ्या कोपराला तिसरी खूण ठाऊक नव्हती.

"त्यांना ठसका लागला," वहिनी दारातून म्हणाल्या.

"ठसका असा असतो?" हूकवाला उठला. दाणे खाली सांडले. "दादा, माझी आई जाऊन चार महिने नाही झाले. तू तीन दिवस माझ्या घरी बसून होतास. एक शब्द बोलला नाहीस, नुसता बसून होतास. मी सगळ्यांना सांगत फिरलो, माणूस असावा तर असा." त्याने दारापाशी जाऊन एक बूट पायात घातला. "येतो मी."

आता दादांनी त्याचे तोंड पाहिले. मग पडद्याकडे पाहिले. तेथे आईच्या अंगावर पांढरी चादर ओढत होते. मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

वहिनी स्टुलावरून उठून डोके हलवू लागल्या, नको, नको. पुढे काय होणार हे त्यांना माझ्याआधी कळले.

"थांब," दादा म्हणाले. आवाज जरुरीपेक्षा फार मोठा होता. "मी त्यावर हसलो नाही. मला ऐकू येत नाही. खुणेवर हसलो. खूण चुकली."

हूकवाला एका पायात बूट घालून उंबऱ्यावर उभा राहिला. "कधीपासून?"

दादा त्याच्या ओठांकडे पाहत राहिले. हूकवाल्याने एकदा डोळे पुसले, आणि मग यार्डात विचारतात तसा हात वर करून तळवा उलटासुलटा केला.

"दोन वर्षं," दादा म्हणाले.

हूकवाला उंबऱ्यावरच बसला. त्याने उजवा हात पुढे धरला, तळवा जमिनीकडे, आणि सावकाश खाली आणत आपल्या बुटाशेजारी टेकवला. दादांनी होकारार्थी मान हलवली.

"महिनाभर!" हूकवाला किंचाळला. "महिनाभर मी स्वतःला शिव्या घालतोय! घरात बसून शिट्टीचा सराव करतोय! बायको म्हणते, डोकं फिरलं याचं!"

"दीड वर्षच राहिलं होतं हो," वहिनींनी पदराने तोंड पुसले.

"वहिनी, माझे पायही दोनच राहिलेत."

पडद्यावर तिन्ही भाऊ आईला विसरून एका बागेत गाऊ लागले होते. माझ्या पत्नीने उठून यंत्र बंद केले आणि खाली वाकून दाणे गोळा करू लागली. त्या आठवड्याचा अभिप्राय कोणी दिला नाही आणि मीही मागितला नाही.

दोष कोणाचा, याविषयी घरात मतभेद नाही. वहिनी तेव्हापासून माझ्याशी थेट बोलत नाहीत. चहा झाला की तो झाल्याचे माझ्या पत्नीला सांगतात, मात्र मला ऐकू जाईल अशा बेताने. एका हसऱ्या कोपराने बावीस वर्षांची खुर्ची घालवली, असे त्यांचे म्हणणे आहे. दादांना त्याविषयी विचारावे तर ते ऐकत नाहीत, आणि आता ऐकत नाहीत की ऐकू येत नाही, हे ठरवण्याची सोय उरलेली नाही.

सोमवारी सकाळी हूकवाला दादांना न्यायला आला. साहेबांना काय सांगायचे, हे दोघांनी रविवारीच ठरवले होते. मात्र दादांना ते नीट समजले आहे की नाही, अशी शंका त्याला आल्यामुळे त्याने सर्व पुन्हा पहिल्यापासून रस्त्याने सांगायला घेतले. मी खिडकीशी बसून पुठ्ठे कापत होतो.

"तू स्वतःहून सांगायचं! कान गेलेत म्हणून! मी बाजूला उभा राहणार! कोठारात बसवलं तर बसायचं, तोंड वाकडं करायचं नाही! मशीन मिळतं कानाचं, ते मागायचं! लाजायचं नाही!"

समोरचा पेपरवाला माझ्या खिडकीपाशी थांबला. "साहेबांकडे अर्ज बिर्ज द्यायचा असेल तर राहू द्या," तो म्हणाला. "तिकडं ऐकू गेलं असेल."

कोपऱ्यापर्यंत ते दोघे मला दिसत होते. हूकवाला हातवारे करीत पुढे चालला होता आणि दादा त्याच्याकडे किंचित झुकून, हाताचा द्रोण कानामागे धरून चालले होते, भर रस्त्यात, सर्वांच्या देखत.