दिव्यावरचा हात

"हात ठेव," मावशी म्हणाली.

लांब्याने हात ठेवला नाही. तो इस्त्रीच्या टेबलाशी तसाच उभा राहिला. लांब हात दोन्ही बाजूंना लोंबत होते आणि मान जरा वाकलेली होती, कारण लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत ताठ उभं राहिलं तर त्याचं डोकं वाफेच्या नळाला लागे.

बाकी सगळ्यांचं झालं होतं. धुणेवाली आली, तिने देवाच्या फळीवरच्या दिव्यावर पंजा धरला, "मी नाही घेतली" म्हणाली आणि डोळे पुसत मागे सरली. घड्या घालणाऱ्या दोघी बहिणी एकमेकींचा हात धरून आल्या आणि तशाच परत गेल्या. मावशीच्या मुलाने हात ठेवला तो अगदी सावकाश, चटका बसेपर्यंत. सगळे त्याला धाकटा म्हणत, थोरला वारला त्यालाही आता जमाना झाला तरी.

हरवली होती सोन्याची चार बटणं. हेडमास्तरांच्या सदऱ्याची, बारीक साखळीत ओवलेली. बायकोने करून दिलेली होती आणि ती बाई आता नव्हती. हेडमास्तर सदरा टाकताना काढायला विसरले. खिशात किंवा काजात राहिलेली वस्तू मावशीच्या हातून सुटत नसे. हे काम तिने कुणाला दिलं नव्हतं. आलेला प्रत्येक कपडा आधी तिच्या मांडीवर यायचा, खिसे उलटे व्हायचे, मगच पाण्यात जायचा. बटणं तिने पत्र्याच्या डब्यात टाकली, झाकण लावलं आणि सकाळी डबा उघडला तर साखळी नाही.

"मी घेतली नाहीत," लांब्या म्हणाला. "दिव्याचं म्हणाल तर माझा देवावर विश्वास नाही, मावशी. मी हात ठेवला तर ते नाटक होईल. तुमचीच चेष्टा होईल."

"विश्वास नाही? कधीपासून?"

"आधीपासूनच. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"इतकी वर्षं माझ्या देवासमोर उभा राहून इस्त्री करतोयस तू."

"खिडकीसमोर, मावशी. उजेड तिथे चांगला येतो."

घड्यावाल्या बहिणींपैकी एकीला हसू आलं. मावशीने तिच्याकडे असं पाहिलं की ते हसू तिथेच जिरलं.

"कशाला डोकं शिणवतेस, आई," धाकटा म्हणाला. "सगळ्यांनी हात ठेवला. एकाने नाही. सरळच आहे."

सरळच होतं. मावशीने लांब्याला सांगितलं, "घरी जा. बोलावीन तेव्हा ये." त्याने इस्त्री उभी केली, वायर गुंडाळली, अर्धवट राहिलेल्या कॉलरवर ओलं फडकं टाकलं म्हणजे ती सुकायला नको, आणि गेला. भांडला असता तर मावशीला बरं वाटलं असतं.

 चोराची तिला भीती नव्हती. तिने चोर पाहिले होते, दारुडे पाहिले होते, स्वतःचा नवरा तर दोन्ही होता. पण नवराही दिव्यापुढे उभा केला की गळून जायचा, सगळं ओकायचा. माणूस कितीही वाईट असो, त्याला धरायला कुठेतरी कान असतो. याचा कान कुठे होता? दार आहे आणि कडी नाही, अशा घरात ती इतकी वर्षं बिनधास्त झोपत होती. या माणसाच्या हाती तिने दुकानाच्या किल्ल्या दिल्या होत्या. आजारी पडली तेव्हा याने तिला दोन जिने पाठीवर उचलून नेलं होतं. तेव्हा त्याच्या मनात काय होतं? याला कुणाचा धाक नव्हता, तर हा आपल्याला तिथेच टाकून का नाही गेला? चांगलं वागला तेही आता तिला खुपायला लागलं. कोण बघतंय म्हणून वागला?

दुपारी सुनेने घरच्या कपड्यांचं गाठोडं आणून तिच्यापुढे टाकलं. "हे पण टाका हो, आई, आजच्या धुण्यात. यांच्या पँटींचा ढीग झालाय."

मावशीचे हात तिच्या डोक्याला विचारून चालत नसत. पँट उचलली, उजवा खिसा, डावा खिसा, मागचा. मागच्या खिशात बोटांना काहीतरी गार लागलं.

तिने साखळी बाहेर काढली. चारही बटणं होती. तिने ती मुठीत धरली आणि आजूबाजूला पाहिलं. मशीन घरघरत होतं. कुणी पाहिलं नव्हतं. सून जिना चढून गेली होती.

लॉन्ड्रीवाल्याच्या पोटी जन्मलेलं पोर आणि खिसा रिकामा न करता पँट धुण्यात जाऊ देतं. आधी तिला त्याचाच राग आला. दुसरा राग यायला वेळ लागला.

तिने धाकट्याला कोळशाच्या जुन्या खोलीत बोलावलं आणि मूठ उघडली.

तो पाहत राहिला. मग म्हणाला, "कुठे होती?"

"तुझ्या पँटीत."

"हिला शंभरदा सांगितलंय माझ्या कपड्यांना हात लावू नकोस म्हणून."

"तू दिव्यावर हात ठेवलास."

"ठेवला."

"चटका बसेपर्यंत ठेवलास."

"आई, ओरडू नकोस. मला इथून निघायचंय. या वाफेत माझी चामडी सोलून निघालीय. तुला काय, तू इथेच सुखात मरशील. मला सुरुवात करायला काहीतरी नको?"

"मी देवाचं विचारतेय तुला."

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं. त्याला खरोखरच नवल वाटत होतं. "हात ठेवला, झालं काय? बघ, फोडसुद्धा आला नाही." त्याने पंजा पुढे केला. मऊ, गुबगुबीत पंजा, तिनेच तेल लावून वाढवलेला. "तुला दिवा हवा असतो, मी ठेवतो हात. लहानपणापासून ठेवतोय."

लहानपणापासून. मावशीला फुटलेली बरणी आठवली, तिच्यापायी थोरल्याने खाल्लेला मार आठवला. आपण कधी कुणाला, कशासाठी शिक्षा केली, त्या सगळ्यांची रांग तिच्यापुढे उभी राहायला लागली.

"लांब्याला बोलावून खरं सांग."

"सांगतो की. मग तू हिला सांग, तिच्या बापाला सांग, हेडमास्तरांना सांग. दुकानावर कुणाचं नाव आहे? तुझ्या पोराने देवापुढे खोटं बोलून चोरी केली म्हणावं. कपडे टाकायला कोण येतंय मग बघू."

तो बाहेर गेला. कोळशाच्या खोलीला खिडकी नव्हती. मावशी बराच वेळ आत उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लांब्या तिच्या निरोपावरून आला. सगळे आपापल्या जागी होते. धाकटा गल्ल्याशी पावत्या लावत होता आणि कागदाचा आवाज त्याने मुद्दाम जरा मोठा ठेवला होता. मावशी फळीपाशी गेली नाही. दारातच उभी राहून बोलली.

"बटणं सापडली."

"कुठे?" धुणेवालीने विचारलं.

"माझ्याच झग्याच्या खिशात. डब्यात टाकली असं वाटलं, टाकलीच नव्हती. म्हातारी झाले."

 मावशीच्या तोंडून हे शब्द कुणी कधी ऐकले नव्हते. शेवटी धुणेवालीच म्हणाली, "होतं हो, मावशी. वयच आहे," आणि तो मायाळू आवाज मावशीला कानफटात बसल्यासारखा लागला.

लांब्या इस्त्री तापायला लावत होता. ती जवळ गेल्यावर तो हळू म्हणाला, "डबा तुम्ही माझ्यासमोर बंद केला होता."

"मग?"

"मग काही नाही."

"तुला कुणाचीच भीती नाही. तू का नाही घेतलीस?"

त्याने बोट ओलं करून इस्त्रीला लावून पाहिलं. चर्र झालं. "माझी नव्हती ती," तो म्हणाला. "त्यात एवढं काय."

त्याने एकदाच गल्ल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि कालच्या कॉलरवरचं फडकं उचललं. त्याला कळलं होतं. तो कुणाला सांगणार नव्हता. तेही कुणाच्या धाकाने नव्हे, आणि म्हणून त्याला काही देऊन ते फेडताही येणार नव्हतं.

मावशी आपल्या जागेवर बसली. ढीग पुढे ओढला. कोट, सदरे, पँटी, एकेकाचे खिसे उलटे करत बाजूला टाकू लागली. धुणेवाली तो ढीग उचलून मशीनकडे घेऊन गेली. मग मावशीकडे पाठ करून, दिसू नये म्हणून अंग चोरून, तिने पहिला कोट उचलला आणि त्याच्या खिशात पुन्हा एकदा हात घातला.