काकाची वेळ

माझा साडू योगराज विमानानं बेल्जियमला निघाला, तेव्हा माझ्या पोटात दुखलं. उगाच कशाला लपवू? अमळनेरहून आम्ही दोघं एकाच पॅसेंजरनं सुरतेला आलो होतो, दारात उभे राहून, आठ तास. मी पर्वत पाटियाजवळ कापडाच्या लूमवर लागलो, तो कतारगामात हिरे घासायला. आता त्र्याण्णवच्या डिसेंबरात त्याचा सेठ त्याला कच्चा माल पारखायला सात हजार किलोमीटर लांब पाठवत होता, आणि मी अजून त्याच चार लूममध्ये येरझाऱ्या घालत होतो.

तेही सोसलं असतं. पण माझी सातवीतली सोनाली दिवसभर काका-काका करायची. नकाशाच्या पुस्तकात बोट ठेवून काकाचा रस्ता शोधत बसायची. मी पाळीवरून आलो तरी मान वर करायची नाही.

निरोपाच्या जेवणाला सगळे जमले. योगराजनं तिकीट बघायला दिलं. मला इंग्रजी येत नाही, पण आकडे कळतात. मुंबईहून सकाळी अकराला निघून तिथं दुपारी साडेतीनला, म्हणजे साडेचार तास. परतताना सकाळी दहाला निघून मुंबईला रात्री साडेअकराला, म्हणजे साडेतेरा. रस्ता तोच, विमान तसंच! मला आनंद लपवता येईना. सगळ्यांसमोर म्हणालो, "योगराज, सेठनी तुले फसाडं. हाई तिकीट खोटं शे."

त्याची बायको लीला पांढरीफटक पडली. मला बरं वाटलं. तेवढ्यात सोनाली म्हणाली, "पप्पा, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. जाताना नऊ तास, येतानाही नऊच."

सगळे हसले. योगराज तेवढा हसला नाही. "दाजी, माले बी हाईच वाटनं व्हतं," तो म्हणाला. "मी सेठले दोनदा इचारं." त्याचा हा चांगुलपणा मला जास्त झोंबला.

तो उडाला त्या दिवशी माझी सकाळी आठची पाळी होती. लूमच्या खडखडाटात मी त्याचे तास मोजत राहिलो. माझे बारा तास भरले तेव्हा तो तिथं उतरला असणार. घरी आलो तर भिंतीवरच्या घड्याळात चार वाजलेले.

"काकाची वेळ लावली," सोनाली म्हणाली. "आता तिथं किती वाजले ते कळेल."

घरात घड्याळ ते एकच. त्याच्यावर बघून माझी बायको उज्ज्वला डबा भरायची, त्याच्यावर बघून मी पाळीला निघायचो. पोरीनं ते योगराजला देऊन टाकलं होतं. मी स्टुलावर चढून घड्याळ उतरवलं, मागची चावी धरली. सोनाली माझ्याकडे बघत राहिली. किती दिवसांनी बघत होती. मी घड्याळ होतं तसंच परत टांगलं.

योगराज परत येईपर्यंत, पंधरा दिवस, मी शेजारच्या छगनला वेळ विचारून पाळीला गेलो.