एका पाभरीचे दोन बैल

"बैल मिळणार नाही!" टीव्हीवरची नजर न काढता थोरला ओरडला. "आधी त्याला म्हणावं, त्या लबाड चॅनेलचं ऐकणं बंद कर. मग ये दावं सोडायला."

दारात धाकट्या भावाची बायको उभी होती बिचारी. आली तशी परत गेली. चुलीपुढं बसलेल्या त्याच्या बायकोनं, थोरलीनं, कपाळावर हात मारला. पाऊस उघडून तीन दिवस झाले होते. रानाला असा छान वाफसा आला होता, की मुठीत दाबली तर मातीचा गोळा व्हावा आणि सोडली तर भुगा. आणखी दोन दिवस ऊन तापलं की ओल गेली. मग हरभरा पेरा नाहीतर खडे पेरा, सारखंच.

आणि पेरणार कशानं? बी पेरायच्या पाभरीला बैलांची जोडी लागते. इथं एक बैल याच्या दावणीला, दुसरा भावाच्या. बापानं वाटणी करताना मुद्दाम तसं ठेवलं होतं, म्हणजे पेरणीपुरती तरी पोरं एकमेकांच्या दारात येतील. म्हातारा हुशारच. पण त्याच्या काळी घरात बसून भांडण शिकवणारा डबा नव्हता ना!

थोरल्याच्या चॅनेलवर एक कोटवाला यायचा. बोट नाचवत रोज सांगायचा, राजधानीतला तो मंत्री म्हणजे देवमाणूस. धाकट्याच्या चॅनेलवर तोच मंत्री पक्का चोर. त्या मंत्र्याला यांचा बांध कुठं आहे तेसुद्धा ठाऊक नाही, पण त्याच्यापायी सख्खे भाऊ आठ महिने एकमेकांचं तोंड बघत नव्हते.

थोरल्यानं सुताराचा बैल मागून आणला. तर तोही उजव्या बाजूनंच चालायला शिकलेला, याच्या बैलासारखा! एका जुवाखाली दोघांनी एकमेकांना अशा ढुसण्या दिल्या, की सुतार चार शब्द सुनावून आपलं जनावर ओढत घरी घेऊन गेला.

"जुंपा की भावाचा," थोरली म्हणाली. "बैलाला कुठं मत द्यायचंय?"

"तू गप. तुला राजकारणातलं काय कळतं?"

"पेरणीतलं कळतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्रीत घडलं. कोटवाला दिसेना. थोरला चॅनेल पालटत राहिला, तर गडी चक्क धाकट्याच्या चॅनेलवर! कोट तोच, बोट तेच, आणि मंत्री आता पक्का चोर.

थोरल्यानं आवाज वाढवून सगळं ऐकलं. मग म्हणाला, "कोटवाला म्हणतोय म्हणजे पुरावा असणार. मला आधीपासूनच संशय होता."

थोरली मनातून हरखली. चला, मिटलं एकदाचं! "मग भावाला सांगा ना तसं!"

पण तेवढ्यात मधल्या भिंतीपलीकडून धाकट्याचा आवाज आला, "तो विकला गेलेला माणूस माझ्या चॅनेलवर? आजपासून हे चॅनेल बंद! आणि असला माणूस ज्याला चोर म्हणतो, तो मंत्री साधूच असला पाहिजे!"

"अरे, आठ महिने तूच चोर म्हणत होतास!" थोरला अंगणात धावला.

"आणि दादा, तू देव म्हणत होतास!"

झालं! दोघांनी बाजू तेवढ्या बदलल्या, भांडण जागच्या जागी.

थोरलीच्या डोळ्यांत रागानं पाणी आलं. तिनं पदर खोचला, आपल्या बैलाचं दावं सोडलं आणि जावेला हाक मारली, "बघतेस काय? सोड तुझा."

"जाऊबाई, पाभर धरता येईल तुम्हाला?"

"जन्म गेला पाभरीमागं बी सोडत. बघून बघून तरी येईल की! तू मागनं बियाणं सोड. आधी तुझं रान, मग माझं."

पेरणीची पहिली चार तासं, म्हणजे चार ओळी, होईतो थोरलीच्या हाताला फोड आले. दुपारपर्यंत निम्मं रान झालं. तिकडं भांडून भावांचे घसे बसले, तेव्हा कुठं त्यांना रिकाम्या दावणी दिसल्या. दोघं धावत आले आणि कंबरेवर हात ठेवून बांधावर उभे राहिले.

"तास वाकडं जातंय," थोरला म्हणाला.

"पार वाकडं, दादा. अगदी बरोबर बोललास," धाकटा म्हणाला.

आठ महिन्यांत दोघांचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर जमलं होतं. थोरलीनं वळूनही पाहिलं नाही. "चल रे राजा," ती बैलाला म्हणाली, आणि तिनं पुढचं तास धरलं.