त्यांनी घेतली

वारूळवाडीच्या आमच्या वृद्धाश्रमात गोळ्यांचं काम माझ्याकडं. स्टीलच्या वाट्या, प्रत्येकीला चिकटपट्टी, पट्टीवर नाव. गोळी मी माझ्या हातानं देते, समोर गिळायला लावते, वर तोंड उघडून दाखवायला लावते. म्हातारे मला फौजदारीण म्हणतात. म्हणोत बापडे.

त्या एकादशीला झुंबरबाईंना उलटी झाली म्हणून मी ट्रे व्हरांड्यातल्या बाकावर ठेवून आत धावले. परत येते तर त्यांचीच वाटी रिकामी. डायबेटिसची गोळी, तीही जोरकस. उपाशी माणसानं खाल्ली तर साखर उतरून जीव जायचा. आणि पुरुषमंडळी सगळी उपाशीच बाहेर पडलेली, कुणी देवळात कीर्तनाला, कुणी मळ्याकडं. मोबाईल एकट्या मॅनेजरकडं, तो जुन्नरला गेलेला.

व्हरांड्यात फक्त कुशाबाई होत्या, भगर निवडत. त्यांना विचारलं, गोळी कुणी घेतली?

"त्यांनी घेतली."

"कुणी त्यांनी?"

"अगं, त्यांनीच," म्हणाल्या आणि पदर पुढं ओढला.

झालं! कुशाबाईंचे 'ते' म्हणजे त्यांचे मालक. दिवसभर त्यांचंच पुराण, त्यांना तिखट लई लागायचं, त्यांची बैलजोडी अशी व्हती. तो माणूस वारून किती वर्षं लोटली. माझं डोकंच फिरलं. मेलेला माणूस गोळ्या खायला येतो का, म्हणाले, आणि पुढचं ऐकायला थांबलेच नाही. आमच्यात हावरट एकच, गेणूबाबा, दुसऱ्याच्या ताटातलं उचलणारे. ते मळ्याकडं गेलेले. बाटलीत साखरेचं पाणी कालवलं आणि मळ्याची वाट धरली.

फाटकाबाहेर पडले न पडले तोच मागून हाक आली. धरल्याशिवाय उठता न येणाऱ्या कुशाबाई फाटकाला लोंबकळत उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर पार खाली गेलेला.

"चिमाजी!" त्या ओरडल्या. "चिमाजीनं घेतली, पोरी! देवळात गेलाय त्यो!"

चिमाजीबाबा नुकतेच आणे गावाहून आलेले, अक्षरओळख नाही; पट्टीवरचं नाव कळलं नसणार, आपलीच वाटी समजले. मी उलट्या पावली देवळाकडं पळाले. सगळे कीर्तनात दंग, आणि हे मागच्या खांबाला टेकलेले, सदरा घामानं चिंब, जीभ जड. शेजारचे म्हणत होते, उपासानं झालंय, पडू द्या जरा. पडू द्या म्हणे! गिळता येत होतं हे नशीब. घोट घोट पाणी पाजलं, आणि कीर्तनाला आलेल्या एकाच्या जीपमध्ये घालून नारायणगावला दवाखान्यात नेलं.

संध्याकाळी परतले तर कुशाबाई तिथंच, पुढ्यात भगर तशीच. चिमाजीबाबा वाचले म्हणून सांगितलं. त्यांनी हात जोडले. मला वाटेतच उमगलं होतं, तरी विचारलं, मालकांचं नावही चिमाजीच ना?

"लगनातल्या उखाण्यात घेतलं, तेवढंच," त्या म्हणाल्या. "नाव घेतलं की आयुष्य घटतं, सासू सांगायची. ते गेले तरी तोंडातनं काढलं न्हाई." मग हळूच विचारलं, "लई मोठ्यांदा वरडले का गं?"

मळ्यापर्यंत गेलं असेल, मी म्हणाले. माझ्या डोळ्यांना धार लागलेली.

त्यांनी पदर नीट केला.

"मंग ऐकलं आसंल त्यांनी."