धुळ्याच्या परिषदेतला प्रश्न

ते २०१८ साल. फेब्रुवारी सरत आला होता. धुळ्याच्या एका महाविद्यालयात भूगोलाची राज्यस्तरीय परिषद होती. यांनी निबंध पाठवला आणि तो स्वीकारल्याचं कळलं.

हे म्हणजे माझे यजमान, प्राध्यापक मोतीलाल बोरसे. जळगावात तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेले. आदल्याच वर्षी डॉक्टरांनी सांगितलं होतं की विसरणं आता वाढत जाईल. जुनं सगळं शाबूत होतं, पण सकाळचा चहा झाला की नाही, ते लक्षात राहत नव्हतं. आमची रूपाली फोनवर म्हणाली, "आई, बाबांना लोकांसमोर उभं करू नकोस. जन्मभराचा मान आहे त्यांचा."

तिचं खरं होतं. पण निबंध होता यांच्या गावाकडच्या फडाच्या पाण्यावर. साक्रीकडे पांझरेवर जुने बंधारे आहेत. गावाची जमीन फडांत, म्हणजे मोठ्या पट्ट्यांत, वाटलेली, आणि बंधाऱ्याचं पाणी ठरल्या पाळीनं फडाफडाला मिळतं. लहानपणी हे त्या पाटांत पाय सोडून बसलेले. एवढा एक निबंध वाचायचा राहिलाय, म्हणाले. मग मी नाही म्हणू शकले नाही.

परिषदा मला पिशव्यांमुळे ठाऊक. आमच्या घरी भाजी, डाळी, जुन्या साड्या, सगळं 'राष्ट्रीय चर्चासत्र' छापलेल्या कापडी पिशव्यांत असायचं. हे परतले की मी विचारायची, "कुणी काही विचारलं का?"

"विचारलं ना. जेवण कुठल्या मजल्यावर आहे म्हणून."

तरी पुढच्या परिषदेला जायचेच. म्हणायचे, "निबंध काय, छापला की घरबसल्याही वाचता येतो. जायचं ते कुणीतरी प्रश्न विचारावा म्हणून."

आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. एरंडोल येईस्तोवर यांनी मला दोनदा विचारलं, आपण कुठे चाललोय. पारोळ्याच्या पुढे बंधाऱ्यांची नावं मात्र वरून खाली ओळीनं सांगितली.

उद्‌घाटन दहाचं होतं. पाहुणे साडेअकराला आले. मग दीपप्रज्वलन, शाल, नारळ, स्वागतगीत, आणि ज्यांना शाल मिळाली त्या प्रत्येकाचं मनोगत. प्रमाणपत्रं नावनोंदणीलाच देऊन टाकलेली, त्यामुळे शेवभाजीचं जेवण झाल्यावर निम्मी मंडळी स्टँडकडे वळली.

आमची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. सत्राचा अध्यक्ष रविंद्र, यांचाच जुना विद्यार्थी. वाकून पाया पडला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "काकू, नऊ निबंध आहेत आणि तासाभरात खोली रिकामी करायचीय. सरांना सांगा ना, थोडक्यात. त्यांच्यावर बेल वाजवायची माझी छाती नाही."

"मी काय सांगू? तूच त्यांचं ऐकत आलायस."

घरून निघताना मी पानं टाचून दिली होती. हे उभे राहिले आणि आधी टाचणीच काढली. सुट्या पानांवरून वाचायची जन्माची सवय. पहिलं पान छान वाचलं. आवाज तोच, वर्गातला. पान संपलं, ते खाली ठेवायचं तर गठ्ठ्याच्या वरच ठेवलं. क्षणभर थांबले. मग तेच पान उचलून पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले.

मी भीतभीत खोलीभर पाहिलं. एक जण पेन ड्राइव्ह शोधत होता. दोघं बसच्या वेळा बघत होते. एक बाई स्वतःच्याच निबंधात रेघा मारत होत्या. रविंद्र घड्याळाकडे बघत होता. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. यांनी जन्मभर ज्याला नावं ठेवली, ते लोकांचं न ऐकणं त्या दिवशी मला देवासारखं वाटलं.

पान संपलं. यांनी तेच तिसऱ्यांदा उचललं. आता रविंद्रनं मान वर केली. त्याचा हात बेलकडे गेला, आणि मी डोळे मिटून घेतले.

"सर, एक विचारू?"

मागच्या बाकावरून एक मुलगी उठली होती. शीतल पावरा, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली, संशोधन करणारी. रविंद्र म्हणाला, "प्रश्न शेवटी."

"शेवटी कोणी नसतं, सर," ती म्हणाली. मग यांच्याकडे वळून, "नदीला पाणी कमी आलं, तर कोणाचं शेत कोरडं राहतं?"

यांनी हातातलं पान ठेवून दिलं. चष्मा काढला. ते उत्तर पुढच्या पानावर होतं, पण पानाची गरजच लागली नाही. "कोणा एकाचं नाही," म्हणाले. "प्रत्येक फडात प्रत्येकाचा तुकडा असतो. त्या वर्षी एक अख्खा फडच कोरडा ठेवतात." आणि नकळत गावच्या बोलीत उतरले, "एकला कोनी कोरडा ऱ्हात नही, बेटा. तूट शे ती बठ्ठासनी शे." तूट येते ती सगळ्यांची, एवढंच.

पेन ड्राइव्हवाला शोधायचा थांबला. शीतलनं आणखी विचारलं, हे बोलत राहिले. रविंद्रनं बेल हळूच टेबलाच्या खणात ठेवली. बाकीच्यांनी आपले निबंध थोडक्यात आटोपले, आणि त्याबद्दल कुणी कुरकुर केली नाही.

चहाच्या वेळी मी शीतलला गाठलं. "तुला कळलं होतं ना गं?"

ती कपात बघत हसली. "पहिलं पान दोनदा ऐकलं, काकू, म्हणून नीट समजलं. परिषदेत दुसऱ्यांदा कोण सांगतं?"

परतीच्या एसटीत मी मुद्दाम विचारलं, "कुणी काही विचारलं का?"

"विचारलं," हे म्हणाले. "चांगलं विचारलं." आणि एरंडोलपर्यंत माझ्या खांद्यावर झोपले.

रविंद्र पुढे प्राचार्य झाला. त्याच्याकडच्या परिषदेत प्रमाणपत्र संध्याकाळी मिळतं, म्हणून लोक त्याला नावं ठेवतात. शीतलची पीएच.डी. झाली, ती शिरपूरकडे शिकवते. दिवाळीनंतर एकदा येते आणि यांची पुस्तकं दोन-दोन करून घेऊन जाते. रूपालीला मी सगळं सांगितलं तेव्हा तिनं आधी शीतलचा फोन नंबर मागून घेतला.

हे आणखी तीन वर्षं होते. शेवटी शेवटी घर, मी, रूपाली, सगळं पुसत गेलं. दुपारी सदरा घालून खुर्चीत बसायचे आणि मला विचारायचे, "बाई, माझा नंबर कधी?"

"जेवणानंतर," मी म्हणायची. "पाहुणे यायचेत अजून."

"आणि कुणी विचारलं तर?"

"विचारणार आहेत, सर. ती मुलगी बसलीये ना मागे."

मग निवांत व्हायचे.